साडूच्या फळ्यातील उणिवा

२ फेब्रुवारी, रविवार

साडूकडे जेवायला गेलो. जेवण बरं होतं. बाकी काही बरं नव्हतं.

साडू म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीचा नवरा. (मला माहीत आहे, पण नोंद संपूर्ण असावी. ऑफिसची सवय.) या गृहस्थाने स्वयंपाकघराची एक भिंत काळी रंगवून तिचा फळा केला आहे. शाळेत असतो तसा, खडूने लिहायचा. वर 'पाहुण्यांचं स्वागत' आणि शेजारी किटलीचं चित्र. झालं! सगळी मंडळी स्वयंपाकघरात जमली ती तिथून हलेनात. बाहेरच्या खोलीत मी आणि पंखा.

ही चार वेळा 'किती छान' म्हणाली. मी मोजलं. सतरा वर्षांच्या संसारात माझ्या वाट्याला 'किती छान' दोनदा आलं, त्यातलं एक खरं म्हणजे शिंप्याला होतं, शर्ट त्याने शिवला होता.

मत्सर वगैरे काही नाही. फक्त नोंद.

३ फेब्रुवारी, संध्याकाळी ७

ऑफिसातून येऊन नेहमीप्रमाणे चहाचा कप घेऊन ओट्यापाशी बसलो. नेहमीप्रमाणे ही बोलत होती. पन्नास मिनिटं. विषय: वरच्या मजल्यावरच्या बाईंचा जावई, गॅसच्या शेगडीचा डावा बर्नर, कन्येची गणिताची बाई, पुन्हा जावई, आणि मग साडूचा फळा, फळा, फळा. 'भावजींना किती सुचतं नाही?' म्हणे.

मी मितभाषी माणूस. 'हं' म्हणतो. सतरा वर्षं रोज संध्याकाळी पन्नास मिनिटं 'हं' म्हणणं किती कष्टाचं असतं, हे बाहेरच्याला कळायचं नाही.

संकल्प: आपल्याकडेही फळा. साडूपेक्षा मोठा. एका आठवड्यात.

४ फेब्रुवारी

साडूचा फळा साडेपाच वीत रुंद आणि चार वीत उंच. (रविवारी पाणी प्यायच्या निमित्ताने मोजून आलो होतो. कशासाठी मोजतोय ते तेव्हा ठाऊक नव्हतं. माणसाला आतून कळत असतं.) आपला सात बाय पाच. फ्रिज आणि खिडकी यांच्यामधली भिंत.

हिचं म्हणणं, त्या भिंतीवर तिच्या गाळण्या, चाळण्या आणि झारे टांगलेत. ते कुठे जायचे? मी म्हणालो, पर्यायी व्यवस्था करण्यात येईल. शिवाय खडूची भुकटी पिठात पडेल, असंही ती म्हणाली. 'साडूकडे पडते का?' असं मी विचारल्यावर पिठाचा डबा उचलून दुसरीकडे ठेवला. मुद्दा मंजूर.

कन्येने विचारलं, 'बाबा, तुम्ही काकांवर जळता का?' पंधरा वर्षांची मुलगी आणि तोंड बघा.

६ फेब्रुवारी

बातमी हिच्याकडून ताईकडे आणि ताईकडून साडूकडे पोचली. बहिणी बहिणींमध्ये जावक नोंदवही नसते, हाच घोळ. साडूचा फोन आला. 'साडूभाऊ, फळा करताय म्हणे! वा! दोन गोष्टी तेवढ्या लक्षात ठेवा, नाहीतर सगळं...'

पुढचं ऐकलं नाही. फोन टेबलावर ठेवला, मधून मधून जवळ जाऊन 'हो हो' म्हणालो आणि पेपरातलं शब्दकोडं पुरं केलं. साडूची नोकरी फिरतीची. पाइपांचे नमुने घेऊन गावोगाव हिंडायचं. मी एकोणीस वर्षं आवक-जावक विभागात. लिहिणं, नोंदणं, जपणं हा माझा धंदा. फळ्याबद्दल मला साडूने शिकवावं?

फोन सात मिनिटं चालला. माणसाला बोलायला कुणी मिळत नसावं.

८ फेब्रुवारी, शनिवार

कामास प्रारंभ. गाळण्या-चाळण्या बाहेरच्या खोलीत, सोफ्यावर. भिंतीला लांबी भरली. भोकं बुजली. मात्र जिथे भोकं नव्हती तिथे उंचवटे आले. हरकत नाही, पहिला हात मारला की सपाट दिसेल.

संध्याकाळी पहिला हात. सपाट दिसत नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

दुसरा हात. रंग छान बसला. भिंतीवर, फ्रिजच्या एका कुशीवर, आणि दिव्याच्या बटणावरही. काळ्या भिंतीत काळं बटण. ही चाचपडत दिवा लावते आणि काही बोलत नाही. म्हणजे फार बोलते, पण बटणाबद्दल नाही.

लांबून पाहिलं. भव्य. साडूचा फळा यात सहज बसेल, वर दोन झारे टांगायला जागा उरेल.

१० फेब्रुवारी, सकाळी ११

अर्धी रजा टाकली. ही बाजारात, कन्या शाळेत. घरात मी आणि फळा. पहिली अक्षरं माझी असावीत असं ठरवलं होतं. नवी खडूची पेटी फोडली.

काय लिहावं? पुष्कळ विचार केला आणि जे मनात होतं ते लिहिलं. लगेच पुसायचंच होतं. पण लिहिताना काय बरं वाटलं म्हणून सांगू! अक्षर ठसठशीत. आधी शीर्षक, खाली दोन रेघा:

साडूच्या फळ्यातील उणिवा
१. आकार लहान (वृत्तीप्रमाणे).
२. किटलीचं चित्र बदकासारखं.
३. अक्षर उजवीकडे घसरतं.
४. 'स्वागत' मोठं, चहा पातळ.
५. यात 'किती छान' म्हणण्यासारखं काय आहे, ते कळवावे.

दोनदा मोठ्याने वाचलं. पुसलं.

सकाळी ११.४०

गेलं नाही.

ओल्या फडक्याने पुसलं की जातं. वाळलं की परत येतं. आधी पाचवा क्रमांक येतो, मग बाकीचे. क्रमाने यावेत एवढीही शिस्त नाही.

दुपारी १

साबण. लिंबू. सोडा. शेवटी टूथपेस्ट. आजूबाजूचा रंग घासून जरा फिका झाला, त्यामुळे यादी आधीपेक्षा स्पष्ट वाचता येते. दुकानदाराने नक्की जुना माल दिला. कॅलेंडर टांगलं. कॅलेंडराखाली शीर्षक आणि एक ते तीन झाकले जातात. चार आणि पाचवर हिचा एप्रन.

११ फेब्रुवारी

हिने स्वयंपाकासाठी एप्रन काढला.

मी ओट्यापाशी चहा पीत होतो. तिने चार आणि पाच वाचले. मग कॅलेंडर उचललं, बाकीचंही वाचलं आणि कॅलेंडर परत नीट लावलं. मला वाटलं आता पन्नास मिनिटं. पण एवढंच विचारलं, 'पाचव्या क्रमांकाचं उत्तर तोंडी देऊ की लेखी?'

मी म्हणालो, 'लेखी.' माणसाने अशा वेळी ठाम राहावं.

१६ फेब्रुवारी, रविवार

साडूकडचे आले. मी त्यांना बाहेरच्याच खोलीत धरून ठेवायचा बेत केला होता. गाळण्या-चाळण्या सोफ्यावर असल्यामुळे बसायला जागा नव्हती. सगळे आत.

साडू पेला हातात घेऊन फळ्यासमोर उभा. 'वा, मोठा केलात!' म्हणत त्याने तारीख बघायला म्हणून कॅलेंडर सरळ केलं, ते खिळ्यासकट हातात आलं. एप्रन हिच्या अंगावर. पाचही उणिवा घरच्या सगळ्यांसमोर. कन्येने तोंडात रुमाल कोंबला. मी खिडकीबाहेर काही आहे का ते पाहिलं. काही नव्हतं.

साडू हसला. अगदी पोट धरून. 'तिसरी खरी आहे हो,' म्हणाला, 'अक्षर घसरतंच माझं.' मग म्हणाला, 'पण तुम्ही आधी खडू आडवा धरून अख्खा फळा घासला नाहीत का? रंग तीन दिवस वाळू द्यायचा, मग अख्ख्या फळ्याला खडू फासायचा, पुसायचा, आणि मग लिहायचं. नाहीतर पहिलं लिहिलेलं कायमचं बसतं. फोनवर एवढंच तर सांगितलं होतं.'

आणि या माणसाने गाडीतून पॉलिशपेपर आणला! बाह्या सरसावून घासलं, उंचवट्यांसकट, आणि उरलेल्या रंगाचा एक हात मारून दिला. बटणावरचा रंगसुद्धा खरवडून काढला. ताई कौतुकाने बघत होती. हीसुद्धा.

घासता घासता मला म्हणतो, 'आमच्याकडचा फळा हौसेचा नाही, साडूभाऊ. मी पहाटे बाहेर पडतो, परततो तेव्हा पोरं क्लासला, ही कामात. चार माणसं एका घरात राहून भेटत नाहीत, म्हणून लिहितो. तुमच्याकडे कधीही या, तुम्ही दोघं इथे ओट्याशी बोलत असता. घरी जाताना मला हेवा वाटतो हो.'

हेवा! माझा! साडूला! हे त्याच्या तोंडून, साक्षीदारांसमोर. आजची तारीख अधोरेखित करून ठेवतो. उणिवांची यादी त्याच्या मनाला लागली नसेल तर नसो. पण लागली असती तर बरं वाटलं असतं.

२० फेब्रुवारी

रंग वाळला. खडू आडवा धरून अख्खा फळा घासला. (हे मला कधी ना कधी सुचलंच असतं.)

साडू फळ्यावर किटल्या काढतो. त्याला फळा वापरायचा कसा ते कळलेलंच नाही. आज वरच्या कोपऱ्यात नियम लिहिले. घरातल्या प्रत्येक निरोपाला आवक क्रमांक आणि तारीख. एका निरोपात एकच विषय. तोंडी निरोपाची जबाबदारी घेतली जाणार नाही.

हिने वाचलं. 'तोंडी काहीच नाही?' म्हणाली. मी म्हणालो, 'काहीच नाही. शिस्त म्हणजे शिस्त.'

'बरं,' म्हणाली. लगेच पटलं. नवल वाटलं.

२४ फेब्रुवारी

योजना अपेक्षेपेक्षा यशस्वी. चार दिवसांत अकरा निरोप. नमुन्यादाखल: 'क्र. ७. दूध.' 'क्र. ९. डावा बर्नर बंद.' काय आटोपशीर! हाच बर्नर पूर्वी पाव तास चालायचा.

चहा सहा मिनिटांत संपतो. मग पेपर. ओट्यापाशी बसून पेपर वाचता येतो हे सतरा वर्षांत कळलं नव्हतं. आज जाहिरातींसकट वाचला.

ताईला फोनवर ही काहीतरी सांगत होती. मी आत गेल्यावर थांबली.

१ मार्च

पेपर दुसऱ्यांदा वाचला.

ऑफिसातून आलो तर फळ्यावर 'क्र. ३१. दात काढून आले. दोन दिवस मऊ खाणार.' ही गाल धरून बसलेली. मी विचारलं, दात दुखत होता हे मला कळवलं का नाही? तिने खडू उचलला आणि लिहिलं, 'क्र. १९ पाहा.'

क्रमांक एकोणीस जाग्यावर नव्हता. परवा मी नियमांत चौथा नियम घातला ('अक्षर सुवाच्य असावे'), तेव्हा जागा करायला खालचं काही पुसलं होतं. त्यात गेला असणार. फळ्याला फाईल नसते, हा फळ्याचाच मूळ दोष. यात माझ्याकडून कसूर झालेली नाही.

डॉक्टरकडे तिच्याबरोबर कोण गेलं विचारलं. कन्या म्हणाली, 'काका आले होते. ते सध्या फिरतीवर नाहीत.' माझ्या बायकोच्या दाताबरोबर साडू! जेवण गेलं नाही.

५ मार्च

आज मुद्दाम पेपर आणला नाही. ओट्यापाशी बसलो आणि सहज म्हणालो, 'वरच्या बाईंच्या जावयाचं पुढे काय झालं?' तसं मला जावयाशी देणंघेणं नाही. पण गेले पंधरा दिवस जावई मध्येच अडकलाय. नोकरी सोडणार होता. सोडली की नाही?

हिने खडू माझ्यापुढे धरला.

मी लिहिलं: 'क्र. ४०. जावई?' तिने खाली लिहिलं: 'सोडली.'

एवढंच. का सोडली, त्याची बायको काय म्हणाली, वरच्या बाई जिन्यात कुणाजवळ रडल्या, काही नाही. नियमानुसार उत्तर पूर्ण आहे. तक्रारीला जागा नाही.

९ मार्च, रविवार

साडूकडे गेलो. साडूने फळा काढून टाकला!

अख्खी भिंत पिवळी. तिथे एक बाक ठेवलाय, त्यावर उशी. साडूने फिरतीची नोकरी बदलून शाखेत काम मागून घेतलं. रोज संध्याकाळी म्हणे बाकावर बसतो, ताई स्वयंपाक करते, दोघं बोलतात. पोरंही येऊन बसतात. 'तुमचं बघून शिकलो, साडूभाऊ,' असं पुन्हा साक्षीदारांसमोर.

ही सहा वेळा 'किती छान' म्हणाली. सहा! आणि कशाला? तर स्वयंपाकघरात बसण्याला! मी सतरा वर्षं बसलोय! विनाउशी!

मग ती बाकावर ताईशेजारी बसली आणि बोलत सुटली. जावई, दात, बर्नर, गणिताची बाई. किती दिवसांनी तिचा आवाज ऐकला. जावयाने नोकरी सोडली नव्हती, त्याला काढलं होतं, आणि सासूला ते माहीतच नाही. हे मला साडूच्या घरी, दुसऱ्याला सांगताना, दारात उभं राहून कळलं. साडू मध्येच 'हं' म्हणत होता. माझ्यापेक्षा वाईट 'हं'. अगदीच नवशिका. आणि ही त्याच्याकडे बघून पुढचं सांगत होती.

जळतो मी. लिहून टाकलं. ही वही कुणी वाचत नाही. सुरुवातीपासून जळतोय, आता तर राख व्हायची बाकी आहे.

१० मार्च

फळ्यावरचा तोंडी निरोपाचा नियम पुसला. कुणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

१२ मार्च

ओट्यापाशी बसलो. पेपर नाही, फोन नाही. तयारीत दोन-तीन 'हं' म्हणून ठेवले. ही कणीक मळत होती. मी म्हणालो, 'तो नियम मी रद्द केला बरं का.' तिने मान हलवली.

मी विचारलं, 'रागावलीस का?' तिचे हात कणकेचे. तरी धुतले, पुसले, खडू घेतला आणि लिहिलं, 'नाही.'

ती गेल्यावर मी त्या 'नाही'समोर बराच वेळ उभा होतो. बोलताना तिच्या 'नाही'चे दहा-बारा प्रकार मला नीट ओळखता येतात. कुठल्या 'नाही'नंतर घरातून पळ काढायचा आणि कुठल्या 'नाही'नंतर नुसतं शेजारी बसायचं, सगळं पाठ आहे. खडूच्या 'नाही'त काहीच कळेना. अक्षर मात्र सुवाच्य.

१३ मार्च

संकल्प: शनिवारी सगळा फळा पुसायचा, भिंत पांढरी करायची, गाळण्या-चाळण्या पुन्हा जागेवर टांगायच्या. आणि बाक आणायचा. साडूच्या बाकापेक्षा लांब. आणि हिला तोंडी, समोर उभं राहून सांगायचं की माझं चुकलं. कसं सांगायचं याचा कच्चा मसुदा करतोय. पहिलं वाक्य जमत नाही.

१४ मार्च

मसुदा तीनदा फाडला. 'उपरोक्त विषयास अनुसरून' याच्या पुढे जात नाही. एकोणीस वर्षांची सवय.

१५ मार्च, शनिवार, संध्याकाळी ६

पांढरा रंग आणि ब्रश घेऊन घरी आलो. दुकानातून येताना वाटेत मसुदा शेवटी जमला होता. तीनच शब्द होते. 'माझंच चुकलं, बोल.' जिन्यात चार वेळा म्हणून पाहिलं. वरच्या बाई जाता जाता थांबल्या.

दार उघडलं. घरात कुणी नाही. फळ्यावर:

'क्र. ६४. आम्ही दोघी ताईकडे जातो. गप्पा मारायला. जेवण झाकून ठेवलंय. उद्या येऊ.'

तारीख बरोबर. क्रमांक बरोबर. नियमाप्रमाणे एका निरोपात एकच विषय हवा, इथे तीन आहेत, पण ते सोडून दिलं.

मी ओट्यापाशी बसलो. चहा केला नाही. आत्ता यावेळी ती तिथे बाकावर बसून बोलत असणार. काय बोलत असेल? महिनाभराचं साठलेलं असणार, शिवाय आजचं. आणि साडू तिच्यासमोर बसून ऐकत असणार. ताईचं तर ऐकतोच, वर माझ्या वाट्याचंही ऐकतोय. एकाही शब्दाची त्याला किंमत नसेल. चुकीच्या ठिकाणी 'हं' म्हणत असेल.

नाही, आता बसवत नाही. चप्पल पायात घालूनच हे लिहितोय. मीही तिकडेच निघालोय. जागा दिली तर बाकावर, नाहीतर दारात उभा राहीन. निघताना सवयीने फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'क्र. ६५. तिकडे येतोय.' खाली तारीख घातली, रेघ ओढली, आणि मग लक्षात आलं की हे वाचायला घरात कुणीच नाही.